पर्ल ॲशबीची मधली सात वर्षे

मुखपृष्ठ

रिनाने पर्ल ॲशबीचे दोन चेहरे एकावर एक ठेवले, वरचा अर्धा पारदर्शक केला आणि खुर्ची मागे सरकवली.

"जुळून नाई राह्यलं, सर."

"आधी डोळे जुळवा."

"डोळे जुळले. नाक जुळलं. हनुवटी थोडी वढली तं तेही जुळते. कान पाहा."

अश्वजित पडद्याकडे वाकला. चंद्रपूरच्या त्या दुकानात एरवी वाढदिवसांचे, साखरपुड्यांचे आणि श्रद्धांजलीचे फ्लेक्स बनत. शंभर वर्षांपूर्वीची अमेरिकन नटी तिथे पहिल्यांदाच आली होती. डावीकडचा फोटो १९१७ सालचा, उजवीकडचा १९२६चा. डाव्या फोटोत कान लांबट आणि पाळी सुटी, लोंबणारी. उजव्या फोटोत कान आखूड आणि पाळी गालाला चिकटलेली.

"वयाप्रमाणे कान बदलतात," तो म्हणाला.

"माह्या आज्याचे वाढले होते. हिचे कमी झाले." रिनाने मान तिरकी करून पाहिले. "बहिणी हायेत का?"

"एकच बाई आहे."

"मंग केस पुढं आणतो न कान झाकून टाकतो. लग्नाच्या फ्लेक्सवर किती जणींचे झाकले मी." रिना बाईमाणूस असली तरी बोलताना कधी 'टाकते' म्हणे, कधी 'टाकतो', दुकानात दिवसभर पोरांमध्ये बसायची.

"झाका," अश्वजित म्हणाला. आणि तिने माऊस धरताच म्हणाला, "थांबा."

तिने माऊस सोडला. दुकानाबाहेर मार्चचे ऊन होते आणि आत चार कान होते.

प्रकरण तिसरे, जसे छापायला गेले तसे

*१९१८च्या अखेरीस पर्ल ॲशबी पडद्यावरून नाहीशी झाली. त्या साथीच्या तापात कितीतरी नटनट्या गेल्या. पर्लही गेली; पण ती गेली अशा ठिकाणी, जिथून माणूस परत येतो तेव्हा त्याच्या तोंडावर दुसरा चेहरा असतो. सात वर्षांनी, १९२५ साली, ती परतली आणि*

इथे गडचांदूरची बस खड्ड्यातून गेली आणि अश्वजितच्या हातातला फोन सीटखाली पडला. तो त्याने लगेच उचलला नाही. पुढचे त्याला पाठ होते. अकरा पानांचे प्रकरण, आणि सगळ्या पुस्तकात हेच एक असे, की ज्याला एकही तळटीप नव्हती.

तो गडचांदूरच्या ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवायचा. सिमेंटच्या धुळीने खिडक्यांची तावदाने कायमची राखाडी झालेल्या त्या गावात बसून त्याने हॉलिवूडच्या सुरुवातीच्या दिवसांतल्या, आता अमेरिकेतही कोणाला आठवत नसलेल्या नटनट्यांची चरित्रे मराठीत लिहायला घेतली होती. मालिकेतले हे पहिले पुस्तक. नागपूरचा प्रकाशक राजदीप याने ते छापायचे कबूल केले होते. शनिवारी संध्याकाळपर्यंत पाने मंजूर करून पाठवायची. नाहीतर मशीनवर बारावीची गाईडे चढणार, आणि मालिका बारगळणार.

ओळखीचे लोक विचारत. आंबेडकर जयंतीच्या भाषणाला बोलावत तेव्हा तर हमखास विचारत: "सर, आपल्यातले मानसं कमी पडले का? त्या गोऱ्या बाईनं आपलं काय केलं?" अश्वजित हसून वेळ मारून नेई. खरे उत्तर त्याने फक्त बायकोला सांगितले होते. त्याला आजोबांचे चरित्र लिहायचे होते. पण आजोबांबद्दल लिहिताना हात सैल पडेल, प्रेमापोटी काहीही लिहिले जाईल, ही त्याला भीती. म्हणून त्याने ठरवले होते की आधी जिचे आपण काही लागत नाही, अशा परक्या बाईचे आयुष्य खरेखुरे लिहून दाखवायचे. ते जमले तरच आजोबांना हात लावायचा.

सीटखालून फोन वाजला. रिनाचा मेसेज होता. कान झाकलेले मुखपृष्ठ तिने आपणहूनच करून पाठवले होते. छान दिसत होते.

प्रकरण तिसरे, हर्षाने पाहिलेले

अश्वजितची बायको हर्षा ग्रामीण रुग्णालयात परिचारिका होती. तिने भाकरीचा हात पुसला, फोन घेतला, फोटो दोन बोटांनी मोठे केले.

"दोघी आहेत," ती म्हणाली आणि फोन परत दिला.

"एवढ्यात कसं सांगतेस?"

"बाळंतिणीच्या खोलीत बारा वर्षं काढली. बाळ बदललं की मले कळते." मग तिला त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसले. "अहो, पण तुमी तं सगळं तपासून लिहता न?"

"तपासलंय."

"मंग हे सात वर्षं कोणाचे लिहले?"

"तिच्या मौनाचे."

"दुसरी आणली म्हंजे पयली मेली असन. मेलेल्या बाईचं मौन का?"

अश्वजित जेवला नाही. हर्षाने त्याचे ताट झाकून ठेवले आणि म्हणाली, "माह्यावर काऊन चिडून राह्यले? त्या सोमारीले विचारा. कागद तिनंच काढले होते."

सोमारीचा फोन कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर होता.

तळटीप: सोमारी

सोमारी कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवायची. भामरागडकडची, माडिया आदिवासी घरातली. हेमलकशाच्या शाळेत शिकलेली, मग गडचिरोलीहून एम.ए. झालेली. अश्वजितला जे कधीच जमले नाही ते तिला जमायचे: इंटरनेटवर टाकलेल्या अमेरिकेच्या जुन्या वर्तमानपत्रांच्या लाखो पानांतून नेमके कात्रण शोधणे. रिकाम्या तासाला ती स्टाफरूमच्या कॉम्प्युटरवर बसायची आणि सापडलेले एकेक पान पर्लच्या फोल्डरमध्ये टाकायची. शेकडो कात्रणे झाली. अश्वजितने त्यांतली आपल्या आराखड्यात बसणारी वाचली. बाकीचीही वाचायची होती.

हस्तलिखित टाइप तिनेच केले. तिसरे प्रकरण टाइप करून झाल्यावर ती त्याच्या टेबलापाशी येऊन म्हणाली होती, "सर, हे लय चांगलं लिवलं तुमी." बाकीच्या प्रकरणांबद्दल ती कधी काही बोलली नव्हती. त्याला त्या दिवशी फार बरे वाटले होते.

आता ती रजेवर होती. भावाला मुलगा झाला होता, त्याचे नाव ठेवायचे होते.

प्रवास (हा मजकूर पुस्तकात नाही)

शनिवारी पहाटेच तो निघाला. चंद्रपूर, मग आलापल्ली, मग जीप. सागवानाची पानगळ झालेले जंगल दोन्ही बाजूंनी मागे जात होते. मोहाच्या झाडांखालची जमीन लोकांनी झाडून स्वच्छ केली होती आणि बायका टोपल्या घेऊन फुले वेचत होत्या. अश्वजित मनात आकडेमोड करत होता. पर्ल जर १९१८ साली मेली असेल, तर पुस्तकातली पहिली दोन प्रकरणे तिची. चौथ्यापासून आठव्यापर्यंतची दुसरीची. आणि तिसरे?

तिसरे कोणाचेच नव्हते. ते त्याचे स्वतःचे होते.

मग त्याला आजोबा आठवले, आणि गोंधळ आणखी वाढला. आजोबांनी १९५६च्या ऑक्टोबरात चांद्याला दीक्षा घेतली. शपथ घेताना सगळ्यांबरोबर तेही मोठ्याने म्हणाले की आज माझा नवजन्म होत आहे. घरी आल्यावर त्यांनी गावाने ठेवलेले केराकचऱ्याचे नाव टाकून दिले आणि नवे घेतले. पुढे वय विचारले तर ते दीक्षेपासूनच मोजायचे. ऐंशीच्या घरातला म्हातारा 'मी आत्ता पन्नाशीचा' म्हणायचा आणि अंगणातली पोरे हसायची. एक माणूस, दोन नावे, दोन जन्म. अश्वजितला यात कधी काही चुकीचे वाटले नव्हते. उलट हेच तर त्याला लिहायचे होते.

मग दोन बायका, एक नाव, हे एवढे का बोचत होते? त्याने पुन्हा विचार केला. पुन्हा तिथेच अडला. जीपवाल्याने विचारले, "सर, तब्येत बरी नाई का?"

प्रकरण पहिले, दुसऱ्यांदा

हेमलकशाच्या पुढे सोमारीचा भाऊ पत्रू मोटारसायकल घेऊन उभा होता. हर्षाने रुग्णालयातल्या ओळखींमधून कोणाकोणाला फोन लावून निरोप पोचवला होता. पाऊलवाटेने गावात पोचेपर्यंत दुपार झाली.

मांडवात खाटेवर बाळ निजले होते. सोमारीची आई शेजारी जमिनीवर बसली होती, डोक्यावर पदर, नजर खाली. अश्वजित संकोचला.

"आईला म्हणावं, माझ्यासाठी उठू नका, पदर वगैरे..."

"तुमच्यासाठी नाई, सर," सोमारी म्हणाली. "सासऱ्यासाठी हाय."

"ते कुठे आहेत?"

तिने खाटेकडे हनुवटी केली. बाळ आठवड्याभराचे असेल. घरातल्या तीन मेलेल्यांची नावे घेतली तरी रडतच होते, तिने सांगितले. चौथे नाव 'इसरू' म्हटले आणि गप्प झाले. इसरू तिचा आजा. चार वर्षांपूर्वी वारला. म्हणजे तोच परत आला.

आई बाळाशी माडियात बोलत होती. हळू, अदबीने, पण तक्रारीच्या सुरात.

"काय म्हणतात?"

"म्हणते, मामा, मागच्या वेळी तुमी वरच्या वावरातलं मोहाचं झाड तोडलं न घरात भांडण लावून देलं. ह्या वेळी तसं करू नका."

बाळाने जांभई दिली.

"ऐकत नाई," पत्रू म्हणाला. "मागच्या वेळी बी ऐकत नोयता."

सगळे हसले, आईसुद्धा पदराआड हसली. पण ती खाटेवर बसली नाही. आणि बाळ रडले तेव्हा तिने आधी हात जोडले आणि मग त्याचा लंगोट बदलला.

अश्वजितला पाणी दिले, चहा दिला. चहा संपेपर्यंत त्याने धीर धरला.

"सोमारी, पर्ल ॲशबी एकोणीसशे अठरात मेली का?"

"हो," ती म्हणाली. बस गेली का असे कोणी विचारावे, तितक्या सहज तिने उत्तर दिले.

"तुला माहीत होतं?"

"तिच्या गावच्या पेपरात होतं न. साथीचा ताप आला, चार-पाच दिवसांत गेली. सव्वीस वर्षांची होती. मी टाकलं होतं फोल्डरमधी."

"आणि पंचविसातली?"

"कंपनीकडं तिचं नाव होतं. पोस्टर होते. लोकं पत्रं लिवून इचारत होते, पर्ल कवा येते. मंग त्याहीनं नवीन पोरगी आणली न तिले ते नाव देलं. एका जुन्या मेकअपवाल्याची मुलाखत होती, त्याच्यात हाय. ते बी टाकलं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

सोमारीने त्याच्याकडे नीट पाहिले. तो चेष्टा करतो आहे की काय, हे तिला कळेना. "सर, तुमीच तं लिवलं. ती अशा ठिकाणी गेली, जिथून माणूस परत येतो तेव्हा त्याच्या तोंडावर दुसरा चेहरा असतो. मी टाइप केलं. मले वाटलं, सर समजले. बाकीचे लोकं अशा गोष्टीले फसवणूक म्हणतात, सरांनी बरोबर लिवलं. घरी आली तेव्हा मी आईले सांगतलं. आई म्हणे, ते मास्तर आपल्यातले हायेत का?"

वर्षभर त्या एका वाक्यावर अश्वजित खूश होता.

"ते वाक्य मी असंच लिहिलं होतं."

"असंच म्हंजे?"

"काय झालं ते माहीत नव्हतं. काहीतरी लिहायला हवं होतं. मग ते चांगलं वाटलं."

सोमारीने रिकामा कप उचलला. "म्हंजे तुमी खोटं लिवलं न ते खरं निघालं."

"खरं नाही निघालं. दोन बायका आहेत, सोमारी."

"नाव तं एकच हाय."

"कान वेगळे आहेत."

तिने खाटेकडे पाहिले. "याचे बी कान आज्यासारखे नाईत."

"हे वेगळं आहे. इथे सगळ्यांना माहीत आहे की बाळ नवीन आहे."

"नवीन काऊन असन?" मधूनच पत्रू म्हणाला. त्याने खिशातून लसीकरणाचे कार्ड काढून दाखवले. "जन्मतारीख नवीन हाय फक्त."

अश्वजितने कार्ड हातात घेतले. इसरूच्या नावापुढे या महिन्याची तारीख होती. त्याने ती दोनदा वाचली. समोर बसलेल्या तिघांना सगळे स्वच्छ दिसत होते. हर्षालाही दिसत होते, आणि रिनालाही. आणि त्या सगळ्यांना वेगवेगळे दिसत होते. त्याला एकट्यालाच काही दिसत नव्हते, आणि संध्याकाळपर्यंत त्याला सही करायची होती.

शुद्धिपत्र

फोनसाठी गावामागच्या टेकडीवर जावे लागे. वर एक सपाट खडक होता, आणि त्या खडकावर तीन माणसे एकाच दिशेला तोंड करून उभी होती. तिकडे वळले तरच रेंज यायची. अश्वजित चौथा. सोमारी मागे थांबली.

राजदीपने पहिल्याच रिंगला उचलला. "सर, कुठी आहे तुमी? मशीन थांबून हाय."

"थांबवा."

"थांबूनच हाय म्हणतो न."

"नाही, पुस्तक थांबवा. बाई मेली."

"कोण? वहिनी बऱ्या आहेत न?"

"पर्ल."

"सर, ती मेलेलीच असन न. शंभर वर्षं झाले."

"अठरा सालीच मेली. मी तिला जिवंत ठेवलं. तिसऱ्या प्रकरणात."

शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने आपला फोन खाली घेतला आणि सोमारीला माडियात काहीतरी विचारले. तिने सांगितले. म्हाताऱ्याने अश्वजितकडे पाहून दुखवट्याची मान हलवली.

"मंग दुसऱ्या आवृत्तीत मारू," राजदीप म्हणाला. "कोणाले कळते? किती सुंदर प्रकरण आहे ते. मी माह्या बायकोले वाचून दाखवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं."

अश्वजितला तेही खरे वाटले. प्रकरण सुंदर होते. आणि आजोबांवर लिहायला बसल्यावर त्याने असेच सुंदर लिहिले असते; माहीत नसलेल्या प्रत्येक वर्षावर एकेक छान वाक्य ठेवले असते.

"चौथ्या प्रकरणापासून जी बाई आहे ना, तिला मी पहिल्या प्रकरणातलं बालपण दिलंय," तो म्हणाला. "नदीकाठचं घर, दारुडा बाप, धोब्याचं दुकान. ते तिचं नाहीच. ती कुठे जन्मली, तिचं नाव काय, मला काहीच माहीत नाही."

"तिले तरी कुठी पायजे होतं ते? तिनं नाव बदलवलं न मजेत राहिली असन."

"बदललं नाही. दिलं."

"मंग काय झालं?"

अश्वजितने फोन दुसऱ्या कानाला लावला. आजोबांनी आपले नाव स्वतः टाकले होते, स्वतः घेतले होते. इसरूला ते रडणे थांबवल्यावर मिळाले. या मुलीला कंपनीने दिले. कदाचित तिलाही ते हवेच असेल. कदाचित जुने नाव तिने आनंदाने फेकून दिले असेल, आणि आता तो ते उकरायला निघाला होता. यातले काय बरोबर, हे खडकावर उभे राहून ठरण्यासारखे नव्हते. एवढेच कळत होते की या पुस्तकावर त्याला आपले नाव घालता येत नव्हते.

"थांबवा, राजदीपभाऊ."

"गाईडं चढवतो मंग. मालिकेचं पुढं काही सांगू शकत नाई. आत्ताच सांगून ठेवतो, मागून बोलू नका."

"चढवा."

फोन ठेवल्यावर त्याला मोकळे वाटायला हवे होते. तसे वाटले नाही. चार वर्षे हातातून गेली एवढेच जाणवले, आणि भूक. म्हातारा पुन्हा काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतात?"

"म्हणते, ती परत येईल, वाईट वाटून घेऊ नका."

दोघे टेकडी उतरू लागले. वाळलेल्या पानांचा आवाज होत होता. खाली बाळ रडत होते आणि कोणीतरी त्याला अदबीने समजावत होते.

"तुमाले राग आला का, सर?" सोमारीने विचारले.

"तुझा नाही."

"माह्यामुळं पुस्तक गेलं."

"तुझ्यामुळे नाही गेलं. तू सगळं फोल्डरमध्ये टाकलं होतंस." तो एका मुळावर अडखळला, सावरला. "दुसरीचं खरं नाव सापडेल का?"

"सापडन. पण मी नाई शोधत."

"का?"

"ज्यानं नाव घेतलं त्याले, तू आधी कोण होता, असं काऊन इचारायचं? तुमी शोधा. तुमच्यासाठी ठीक हाय ते." मग थोडे पुढे गेल्यावर, जणू आपण जरा जास्त बोललो असे वाटून, ती म्हणाली, "दोघींचे कागद वेगळे करून देते तेवढे. दुसरीचं फोल्डर नवीन बनवते."

"बनव."

"नाव काय देऊ?"

अश्वजित थांबला. पर्ल म्हणता येत नव्हते. पर्ल नाही असेही म्हणता येत नव्हते.

"सध्या रिकामं ठेव."

"रिकामं ठेवता येत नाई, सर. काही टाकलं नाई तं कॉम्प्युटर आपला आपण 'न्यू फोल्डर' लिवते."

"लिहू दे."

सोमारी दोन पावले चालली. "स्टाफरूमच्या कॉम्प्युटरवर 'न्यू फोल्डर' आधीच हाय एक. पाटील सरांचं."

"मग?"

"मंग 'न्यू फोल्डर टू' होते."

अश्वजितने यावर विचार केला. खाली पत्रूने त्याला सोडायला मोटारसायकल चालू केली होती, आणि ती पुन्हा पुन्हा बंद पडत होती.